ऑर्डिनरी : साधारण, सामान्य की सुमार?

बडोद्यातल्या दांडिया बाजारातून एका ताईंनी विचारलं आहे : मुलीचं चित्र पाहून शिकवणीतले सर ‘व्हेरी ऑर्डिनरी’ म्हणाले आणि मुलीला ते फार लागलं. ताईंनी कोश उघडला तर ‘साधारण, सामान्य, नेहमीचा’ असे निरुपद्रवी अर्थ निघाले. त्याच सुमारास घरी एका कंपनीच्या वार्षिक सभेची सूचना आली. तिच्यात ‘ऑर्डिनरी रेझोल्यूशन’ होतं आणि शेजारच्या गुजराती मजकुरात ‘सामान्य ठराव’. एकाच शब्दाने चित्राला नावं ठेवली जातात आणि कायद्यातही तो मानाने बसतो, हे कसं? आणि मराठीत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न फार चांगला आहे. कोशातले अर्थ चुकीचे नाहीत, पण नुसते अर्थ वाचून हा शब्द हाती लागत नाही.

लॅटिनमध्ये ‘ऑर्डो’ म्हणजे रांग, क्रम, व्यवस्था. त्यावरून ‘ऑर्डिनारियस’ म्हणजे क्रमाला धरून असलेला, रीतसर. आपला रोजचा ‘ऑर्डर’ याच मुळातून आलेला. दर्जाचा इथे संबंधच नव्हता. उलट मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘ऑर्डिनरी’ म्हणजे ज्याला दुसऱ्याने सोपवल्यामुळे नव्हे तर स्वतःच्या पदामुळेच निवाड्याचा अधिकार आहे असा धर्माधिकारी, बहुधा बिशप. राजाच्या कायम नेमणुकीतला वैद्य ‘फिजिशियन इन ऑर्डिनरी’ म्हणवला जाई. खानावळीत ठरल्या वेळी ठरल्या दराने मिळणाऱ्या जेवणालाही ‘ऑर्डिनरी’ म्हणत.

मला या शब्दाचा सर्वांत आवडता वापर सायकलचा आहे. पुढे माणसाएवढं प्रचंड चाक आणि मागे चिमुकलं, अशी जुनी सायकल चित्रांत सगळ्यांनी पाहिली असेल. १८८०च्या दशकात दोन सारख्या चाकांची ‘सेफ्टी’ सायकल आली, तेव्हा त्या उंच सायकलला लोक ‘ऑर्डिनरी’ म्हणू लागले. आज आपल्याला ती अजब दिसते, पण तोवर सायकल म्हणजे तीच होती. समोर ‘सेफ्टी’ उभी राहिली म्हणून ती ‘ऑर्डिनरी’ झाली.

या शब्दाची किल्ली इथेच आहे. ऑर्डिनरी दिसला की आधी विचारावं, इथे याच्या विरुद्ध काय आहे? सभेच्या सूचनेत विरुद्ध बाजूला ‘स्पेशल रेझोल्यूशन’ आहे. २०१३च्या कंपनी कायद्याच्या ११४व्या कलमाप्रमाणे, बाजूची मतं विरोधी मतांपेक्षा जास्त पडली की ऑर्डिनरी ठराव मंजूर. स्पेशल ठरावाला ती विरोधी मतांच्या निदान तिप्पट लागतात. ठराव हलका असण्याचा प्रश्नच येत नाही. टपालात विरुद्ध बाजूला रजिस्टर्ड असायचं, म्हणून तिथे आपण ‘साधं टपाल’ म्हणतो. महाराष्ट्रातल्या एसटीत निमआरामच्या शेजारी ‘साधी गाडी’ असते. राजपत्र एरवीच्या ठरल्या दिवसाबाहेर निघालं तर ते एक्स्ट्रॉऑर्डिनरी, आणि सरकारी मराठीत ‘असाधारण’. पण चित्र, कविता, गाणं यांच्या बाबतीत विरुद्ध बाजूला उभं असतं ‘उत्तम’. तिथे ऑर्डिनरी म्हणजे उत्तम नव्हे, आणि म्हणून तो झोंबतो.

त्यात ‘व्हेरी’ जोडलं की तो आणखी खाली उतरतो. क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्यांनी ‘अ व्हेरी ऑर्डिनरी शॉट’ ऐकलं असेल. विशेषतः ऑस्ट्रेलियन माणूस असं म्हणतो तेव्हा फटका वाईट होता असंच त्याला म्हणायचं असतं. त्याचं भाषांतर ‘अतिशय साधारण फटका’ करू नये. ‘अगदीच सुमार फटका’ हे खरं मराठी. मुलीने अर्थ बरोबर ओळखला होता.

आता आपल्या शब्दांकडे येऊ, कारण खरी श्रीमंती इथे आहे. ‘सामान्य’ म्हणजे अनेकांत सारखं असणारं. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या सात पदार्थांत, म्हणजे मूलभूत वर्गांत, सामान्य आणि विशेष शेजारी शेजारी बसलेले आहेत, आणि शाळेच्या व्याकरणात सामान्यनाम आणि विशेषनाम. ‘साधारण’ही मुळात तसाच, दोघांत समाईक असलेला, उपमेय आणि उपमान यांच्यातल्या सारख्या गुणाला आपण ‘साधारण धर्म’ म्हणतो ते यामुळेच. ‘मामुली’ अरबीतल्या ‘मामूल’ म्हणजे चालत आलेली वहिवाट यावरून आला. जुन्या मराठी कागदांत ‘मामूलप्रमाणे’ म्हणजे रिवाजाप्रमाणे. पुढे मामुली क्षुल्लक झाला. लॅटिनच्या शब्दाने जी वाट धरली, तीच अरबीच्या शब्दाने मराठीत येऊन धरली, याचं मला फार नवल वाटतं.

आणखी एक गोष्ट खास आपली. ‘साधारण दहा माणसं’, ‘सुमारे दहा माणसं’. अंदाज सांगणारे हेच दोन शब्द दर्जा सांगायलाही येतात : साधारण चित्र, सुमार चित्र. फारसी ‘शुमार’ म्हणजे मोजणी. तिच्यातून ‘सुमारे’ आला, ‘बेसुमार’ आला आणि नावं ठेवणारा ‘सुमार’ही आला. ‘घरची परिस्थिती साधारण आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा गरिबीवर पांघरूण घालतो. गुजरातीतही ‘साधारण स्थिती’ याच अर्थाने बोलतात, म्हणून बडोदेकराला हा अर्थ दोन्हीकडून कानी पडतो.

शब्द नेमका असावा याची बडोद्याला जुनी आच आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश निघाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे सात भाषांतले प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी दिले आहेत.

तेव्हा ताई, सूचनेसाठी मराठीत ‘साधारण ठराव’ आणि ‘विशेष ठराव’ लिहा. ‘सामान्य’ चूक नाही, पण ‘सर्वसाधारण सभा’ आपल्याकडे रुळलेली असल्यामुळे तिच्या शेजारी साधारण जास्त शोभतो. ‘मामुली’ तिथे मुळीच नको. सरांच्या शेऱ्याला मात्र ‘अगदीच बेताचं’ म्हणा. त्यांना काय उणं वाटलं, रेषा की रंग की मांडणी, हे त्या शब्दातून कळत नाही. ते त्यांनाच विचारावं लागेल.

उच्चाराचंही विचारलंय. इंग्लंडमध्ये बोलताना बरेचदा ‘ऑर्डन्री’ ऐकू येतं, अमेरिकेत ‘ऑर्डनेरी’. आपला ‘ऑर्डिनरी’ दोघांनाही समजतो.