लोकल आणि मेट्रोच्या मधला तुकडा कोणाचा, ते आधी विचारा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून जरा लांब लिहिते आहे. मुंबईत मुलुंडहून सीएसएमटीपर्यंत (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) लोकल, तिथून भुयारी मेट्रो ३ ने विधान भवन, गुडघ्याचं ऑपरेशन अलीकडचं, आणि सवयीची वाट एका सकाळी पत्रे ठोकून बंद. आता कुठून जायचं आणि तक्रार कोणाकडे करायची, हे तुम्ही विचारलंय. काही वर्षांपूर्वी घोट्यात प्लेट घेऊन मी हेच विचारत फिरत होते. पास, तिकीट, ॲप यांबद्दल लिहीत नाही, ते तुम्हाला येतं हे दिसतंच आहे.

माझं स्टेशन वेगळं होतं. नाव मुद्दाम टाळते, तिथलं काम आता उरकलंय. फलाटाच्या मधला पूल मेट्रोच्या दाराशी उतरायचा आणि त्यालाच लिफ्ट होती. नूतनीकरण सुरू झालं आणि नेमका तोच पूल बंद केला. सूचना लावली ती बंद जिन्याच्या तोंडाशी, म्हणजे तिथवर चालत गेल्यावरच वाचता येणार. नवा पूल पार दुसऱ्या टोकाला. पूल चांगला रुंद होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण बारा डब्यांच्या लोकलचा फलाट अडीचशे मीटरच्या पुढे जातो. धडधाकट माणसाला एवढं अंतर जाणवतही नाही. कुबडी घेतलेल्या बाईला सकाळच्या गर्दीत ते उलट्या दिशेने कापायचं असलं, की मेट्रो गाठण्याआधीच पाय सुजतो.

खरं अडलं ते त्याच्याही पुढे. पूल उतरला की स्टेशनची हद्द संपायची आणि मेट्रोची लिफ्ट समोर दिसायची. मधे जेमतेम एका दुकानाच्या रुंदीची जागा. तिथे दोन उंच पायऱ्या, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि वर आलेलं गटाराचं झाकण. मला तिथे सिमेंटचा एक छोटा उतार हवा होता, बाकी काही नाही.

ज्या कार्यालयात गेले तिथे आधी म्हणाले, लेखी द्या. दिलं. मग म्हणाले, ही आमची हद्द नाही. कोणाची, तर ते आम्ही कसं सांगणार. साहेबांनी टेबलावर नकाशा पसरून पेनाने रेघ दाखवली, "मॅडम, आमचं इथपर्यंत." दुसऱ्या कार्यालयाला पहिल्याचं पत्र हवं होतं, आणि पहिलं कार्यालय 'आमची हद्द नाही' एवढंही कागदावर द्यायला तयार नव्हतं. ऑनलाइन तक्रार 'संबंधित विभागाकडे वर्ग' असा शेरा मारून बंद झाली. तो विभाग कोणता, ते शेऱ्यात नव्हतं. या सगळ्यात माझी बिनपगारी रजा गेली, रिक्षाचे पैसे गेले आणि फिजिओथेरपी मागे पडली, ती भरून काढायला फार वेळ लागला. माणसं उद्धट नव्हती, बसायला खुर्ची द्यायची. पण त्यांच्यापैकी एकही जण उठून त्या दोन पायऱ्या बघायला आला नाही. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

हे माझ्यापुरतंच असतं तर एवढं लिहिलं नसतं. सीएसएमटीबाहेरचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ ला कोसळला, माणसं गेली, आणि सुरुवातीला चर्चा कशावर झाली तर पूल रेल्वेचा की महापालिकेचा! तो पुन्हा उभा राहायला चार वर्षं लागली. त्याआधी २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड-परळच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. तोही एका रेल्वेमार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाणाऱ्यांच्या वाटेवरचा पूल. गाडी बदलणारा प्रवासी या स्टेशनचाही नसतो आणि त्या स्टेशनचाही नसतो, म्हणून त्याची वाट कोणाच्याच कामाच्या यादीत वर येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे रेल्वेत नोकरी करणारे सदस्य आहेत, त्यांना हे पटणार नाही कदाचित. पण प्रत्येक बदल वाईट असतो असं मी म्हणत नाही. दादरला ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले, तेव्हा बरीच कुरकुर झाली. मला तो बदल आवडला. आधी पश्चिम रेल्वेचा एक नंबर वेगळा आणि मध्यचा वेगळा, नवखा माणूस हमखास चुकायचा. आकडे बदलल्याने कोणाचा गुडघा दुखत नाही. जिना बंद केला की दुखतो.

आता तक्रारीचं. आधी रेल मदद या रेल्वेच्या तक्रार पोर्टलवर किंवा १३९ या हेल्पलाइनवर नोंदवा, फोटो जोडा, क्रमांक जपून ठेवा. पण त्यावर थांबू नका, लगेच माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'उतार का नाही' असं विचारू नका, 'का'ला उत्तर टाळता येतं. अमुक जिन्याच्या पायथ्यापासून मेट्रोच्या तमुक गेटपर्यंतची जागा कोणाच्या ताब्यात आहे, देखभाल कोणाची, काम चालू असेपर्यंत ठरवलेल्या पर्यायी वाटेचा नकाशा, आणि बंद वाट उघडण्याची कागदोपत्री तारीख, एवढंच मागा. कलम ६(३) प्रमाणे माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज त्यांनीच पाच दिवसांत तिकडे पाठवायचा आणि तुम्हाला तसं कळवायचं असतं. 'आमची हद्द नाही' हे वाक्य तिथे पुरत नाही. मला याच मार्गाने जागा कोणाची ते कागदावर मिळालं. त्या कागदाची प्रत जोडून पुन्हा तक्रार केली, तेव्हा उतार झाला. जरा जास्तच तीव्र झाला, पण झाला. रेल्वेसाठी केंद्राचं पोर्टल, महापालिकेसाठी राज्याचं, हे ध्यानात ठेवा. मी वकील नाही, हा माझा अनुभव आहे.

वाटेबद्दल. सीएसएमटीच्या पुनर्विकासाला सप्टेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आणि काम मोठं आहे, त्यामुळे मी लिहिलेली वाट पुढच्या महिन्यात तशीच असेल असं धरू नका. लोकल तिथे संपते, सगळे गाडीच्या पुढच्या टोकाकडून बाहेर पडतात. म्हणून मुलुंडलाच पुढच्या डब्यात चढा. ते जमत नसेल तर गाडी रिकामी होईपर्यंत बसून राहा, लोंढ्यासोबत चालू नका. मेट्रोच्या प्रत्येक गेटला लिफ्ट असेलच असं समजू नका. एका रविवारी कोणाला तरी सोबत घेऊन जा, लिफ्ट कुठल्या गेटला आहे, ती खरंच चालू आहे का, आणि फलाटापासून तिथवर किती पायऱ्या चढायच्या-उतरायच्या, हे स्वतः बघा. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो, हे मला फिजिओथेरपिस्टने सांगितलं. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

एक विचारते, रागावू नका. सीएसएमटीहून विधान भवन म्हणजे हुतात्मा चौक आणि चर्चगेट सोडून पुढचंच स्टेशन. तेवढ्यासाठी जमिनीखाली उतरायचं, सुरक्षा तपासणी, मग पुन्हा वर यायचं. गुडघा बरा होईपर्यंत बेस्टची बस किंवा शेअर टॅक्सी घेतलीत तर? मेट्रो मला मनापासून आवडते. फलाटाला पूर्ण उंचीचे दरवाजे आहेत, धक्काबुक्की कमी, ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत आली तेव्हा फार बरं वाटलं होतं. पण तुमच्या आजच्या पायाला ती जवळची नाही. मेट्रोनेच जाणार असाल तर तिकीट वरूनच काढा. हा टप्पा सुरू झाला तेव्हा खाली मोबाइलला रेंज नसल्याने लोक गेटवर अडकत होते. आणि कोणी दादरला बदला असं सुचवलं तर ऐकू नका. दादर मेट्रो लोकलच्या फलाटाला लागून नाही, पश्चिमेच्या बाजाराच्या गर्दीतून चालावं लागतं.

कार्यालयात वेळ लवचिक मिळते का, तेही विचारा. गर्दी ओसरल्यावर निघालात तर अर्धा त्रास तिथेच कमी होतो.

बंद वाट नेमकी कुठली ते पोस्टवरून कळत नाही. पत्र्यांचा फोटो, जवळच्या फलाटाचा नंबर आणि मेट्रोच्या गेटचा क्रमांक इथे टाका. अर्जाचा मसुदा मी लिहून देते.