जुलैचे पैसे दिवाळीलाच बाजूला काढ

प्रिय बाबू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, पोरगी आत्ता वर्षाची झाली. तिच्या कॉलेजसाठी आतापासून पैसे टाकायचे का? सवलती तर मिळतातच." बोलताना नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो. टाक. पण कशासाठी टाकायचे ते आधी समजून घे.

२०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. तुझी लेक मोठी होईस्तोवर हे असंच राहील असं धरून चालू नको. आणि खोलीचं भाडं, अनामत, मेस, पुस्तकं, नागपूर-अमरावतीच्या खेपा हे सगळं घरूनच जातं.

तेही कधी, तर प्रवेशाच्या दिवसांत, जून ते ऑगस्ट. तेव्हा आपल्या घरात काय असतं? होता नव्हता तो पैसा बियाण्यात, खतात, निंदणा-डवरणीत गेलेला. सोयाबीन दसरा-दिवाळीला, कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, त्याच्याही मागून. माझ्या थोरल्याचा नंबर लागला तेव्हा फी माफ होती, पण हॉस्टेल आणि मेसचे आगाऊ पैसे आठ दिवसांत मागितले. मी उभ्या पऱ्हाटीवर, शेतातल्या कापसाच्या भरवशावर, व्यापाऱ्याकडून पैसे उचलले. पुढे कापूस त्याच्याच काट्यावर आणि तो म्हणेल त्या भावानं गेला. शिष्यवृत्ती आली ती पुढच्या उन्हाळ्यात. पोरगा शिकला, पण त्या दिवसांत तुझ्या काकूची उडालेली झोप मी विसरलेलो नाही. तुझ्या घरात ते येऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

म्हणून दरमहाच्या हप्त्यामागे लागू नको. आरडीला, म्हणजे आवर्ती ठेवीला, महिन्याला पैसे लागतात. आपल्याला पगार नाही, चुकारा येतो. पोरीसाठी डाकघरात सुकन्या समृद्धी खातं काढ, ही मुलींसाठीची सरकारी बचत योजना आहे. ती दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं. वर्षाला कमीत कमी २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, असे पंधरा वर्षं भरायचे. बोंडअळीनं खाल्लेल्या वर्षी अडीचशेच भर, पीक साधलं त्या वर्षी हात मोकळा सोड. ती अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, बाकीची खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी. ती बाकीची लग्नाची म्हणून आतापासून मोजू नको. मुलाला शिक्षण आणि मुलीला हुंडा ही वाटणी आपल्या गावात अजून आहे, आणि मला तिची चीड येते.

वेळ पडली तर वावर विकीन म्हणालास. ते नको, बाबू. कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज घ्या. चार लाखांपर्यंत नियमानं तारण लागत नाही, आणि हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षानं सुरू होतात. ते कर्ज ती कमावून फेडू शकते. गेलेलं वावर तुझ्या म्हातारपणी कोण परत आणून देईल?

सूनबाईला हे पत्र वाचून दाखव. बचत गटामुळे पैशाची शिस्त तिला तुझ्यापेक्षा जास्त आहे, तेव्हा पासबुक तिच्याजवळच राहू दे. पोरीचा जन्मदाखला आणि तुझं आधार काढून ठेव. सोयाबीन विकलं की बाजाराच्या दिवशी ये, डाकघरात मी सोबत येतो.

तुझा काका