कोथरूडच्या पूल-स्नूकर पार्लरसाठी बॉल साफ करायचं मशीन कोणतं घ्यावं?

दोन पूल टेबलं आणि एक स्नूकर म्हणताय, तर आधी मापं बघा. पूलचा बॉल ५७.२ मिमी, स्नूकरचा ५२.५, सेटही १६ आणि २२ बॉलचे. दोन्ही बसतात का, हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका, आपलेच बॉल नेऊन समोर फिरवून बघा.

खरं काम करतं ते आतलं पॅड. ते निघत नसेल, सुटं मिळत नसेल, तर मशीन फुकट दिलं तरी नको. खेळायच्या काठीच्या टोकाला लावतात त्या चॉकची निळी पूड त्यात मुरली की तीच परत बॉलला चोपडली जाते. पुण्याच्या पावसाळ्यात पॅड नीट वाळवा, नाहीतर कुबट वास ठरलेला. कार पॉलिश अजिबात नको, फिनोलिक (कडक प्लास्टिकसारख्या रेझिनच्या) बॉलसाठीचंच लिक्विड वापरा.

आणि नुसतं बिलियर्ड्स असतं, तर तीन बॉलना कसलं मशीन? मऊ फडकं बस्स.