वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन मागवलेला चष्मा घालवत नाही, आईसाठी मागवू का?

प्रश्न : ताई, माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाच, दोन वर्षं तोच आहे. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच ऑनलाइन चष्मा मागवला. फ्रेम मनासारखी मिळाली, नंबर तीनदा तपासून टाकला, तरी घातला की तासाभरात कपाळ ठणकतं आणि डोळे कुणीतरी बाहेर ओढतंय असं वाटतं. पीडीच्या रकान्यात ६३ आधीच भरलेलं होतं, ते तसंच ठेवलं. दादाने तिथूनच घेतलाय, त्याचा नंबर उणे एक, त्याला काहीच त्रास नाही. आता आईला प्रोग्रेसिव्ह करायचाय, तो ऑनलाइन मागवू का?

उत्तर : आधी तो चष्मा काढून ठेवा आणि जुना घाला. सवय होईल सवय होईल म्हणून डोकं धरून बसणारे खूप जण भेटतात मला. नंबर बदलला असेल तर डोळ्यांना थोडे दिवस लागतात हे खरं, पण तुमचा नंबर तोच आहे मग एवढं दुखायला नको.

मला शंका त्या ६३ ची आहे. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. ६३ हा मोठ्या माणसांच्या सरासरीच्या आसपासचा आकडा, पण कुणाचा ५६ असतो कुणाचा ७०. आणि काचेला एक मध्य असतो, त्या मध्यातून बघितलं तर नजर सरळ जाते, बाजूने बघितलं की काच प्रिझमसारखी वागायला लागते, म्हणजे नजर बाजूला वळवते, आणि ते वळणं मोजतात तेही प्रिझममध्येच. किती, तर नंबर गुणिले जितके सेंटिमीटर सरकलं तितकी, एवढा साधा हिशोब आहे. समजा तुमचा खरा पीडी ५८ निघाला, म्हणजे दोन्ही डोळ्यांचा मिळून अर्धा सेंटिमीटर फरक, तर साडेपाचच्या निम्मं म्हणजे पावणेतीन प्रिझम. दादाला एवढीच चूक झाली असती तरी फक्त अर्धा प्रिझम, तेवढं डोळे सांभाळून घेतात. त्यात उणे नंबरात काचांचे मध्य जास्त लांब पडले की डोळ्यांना बाहेर वळावं लागतं, आणि डोळे वाचताना आत वळायला सरावलेले असतात, बाहेर वळायची ताकद त्यांच्यात फारच कमी. तुम्ही लिहिलंय ना कुणीतरी बाहेर ओढतंय, तसंच होत असणार.

घरी बघता येतं. चष्मा हातभर लांब धरा, एक डोळा मिटा आणि काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड बघा. काचेतली रेघ बाहेरच्या रेघेपासून तुटलेली दिसेल, चष्मा हळूहळू आडवा सरकवत जा, रेघ सलग झाली की तिथे स्केचपेनने ठिपका द्या, मग दुसऱ्या काचेवर तसंच. दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजा, ते तुमच्या पीडीएवढं हवं. सिलिंडर नंबर, म्हणजे काचेत एका दिशेला वेगळा नंबर, असेल तर हा नुसता अंदाज समजा. चष्मेवाल्याकडे लेन्सोमीटरवर, म्हणजे काच तपासायच्या यंत्रावर, पक्कं कळतं, तिथेच स्वतःचा पीडी पण मोजून घ्या, आणि तो आकडा कळवून काचा बदलून मागा. बनवून घेतलेल्या काचा परत घेण्याचे नियम सगळीकडे सारखे नसतात, ते ऑर्डरच्या आधीच वाचायला हवेत.

आईचा प्रोग्रेसिव्ह मात्र ऑनलाइन नको, हे मी अगदी ठामपणे सांगते. त्या काचेत वर लांबचा नंबर, खाली जवळचा, मधे अरुंद वाट आणि दोन्ही कडांना धूसर भाग असतो. ती वाट बाहुलीसमोर नेमकी यायला हवी, म्हणून फ्रेम आधी चेहऱ्यावर नीट बसवतात, नाकावरून घसरत असेल तर काड्या वाकवतात, मग माणसाला सरळ समोर बघायला सांगून प्रत्येक डोळ्यासमोर काचेवर पेनाने खूण करतात आणि तिथून उंची मोजतात. दोन-तीन मिलिमीटर चुकलं तरी आई वाचताना हनुवटी वर करून मान अवघडून बसेल आणि तुम्ही म्हणाल वयामुळे मान दुखतेय. शिवाय चाळिशी उलटली की डोळ्यांची तपासणी नंबरापुरती नसते, काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही की कळत नाही, तो डॉक्टरांनी बघितला तरच सापडतो.

लहान मुलांचंही तेच, फ्रेम घसरली की मूल वरून बघतं आणि नंबर असून नसल्यासारखा.

म्हणजे ऑनलाइन वाईट का, तर नाही. फ्रेम भरपूर, बरेचदा स्वस्त पण पडतं, आणि दादासारखा कमी, एकच नंबर असेल, पीडी मोजलेला असेल तर खुशाल घ्या, जादाचा चष्मा म्हणून तर नक्कीच. जुन्या फ्रेमच्या काडीवर आतून ५२-१८-१४० असं काहीतरी लिहिलेलं असतं, काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी. त्याच्या जवळपासचे आकडे घेतले तर मापात फसायला होत नाही. तुमच्या नंबराला छोटी फ्रेम घ्या, कडेला काच कमी जाड होते.

प्रश्न : दोन डॉक्टरांनी वेगळे नंबर दिले, कुठला टाकू? एक उणे २, सिलिंडर उणे १, अ‍ॅक्सिस (सिलिंडरची दिशा) ९०. दुसरा उणे ३, सिलिंडर अधिक १, अ‍ॅक्सिस १८०.

उत्तर : दोन्ही एकच आहेत, लिहायची पद्धत वेगळी. कुठलाही टाका पण अख्खा एकाच कागदावरचा, अर्धा इकडचा अर्धा तिकडचा टाकला तर चष्मा पूर्ण चुकेल. उणे-अधिकचं चिन्ह बोटाने चुकून बदलतं, म्हणून कागदाचा फोटो पाठवायची सोय असेल तर तोच पाठवा, आणि पैसे भरायच्या आधी आलेला आकडा कागदाशेजारी धरून एकदा मोठ्याने वाचा.