नाव नसलेली लेन्स भंगारात सापडली, तर?

प्रश्न : काका, नमस्कार. होटगीच्या पुढे आमची डाळिंबाची बाग आहे. फुलावर येणाऱ्या फुलकिड्यांचे जवळून फोटो काढून नोंद ठेवायची आहे. कॅमेरा सोनीचा मिररलेस, एपीएस-सी सेन्सरचा. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) घेणं परवडत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ भंगाराच्या दुकानात एक लेन्स मिळाली. काळी नळी, मुठीत मावेल एवढी, वजनाला दणकट, मागे बारीक आटे. कंपनीचं नाव नाही, नुसता एक नंबर आहे आणि तो नेटवर सापडत नाही. दुकानदार म्हणतो, टॉवेल तपासायच्या मशीनवरची आहे. ही कोणती लेन्स असेल? माझ्या कामाला येईल का?
— एक डाळिंब उत्पादक, दक्षिण सोलापूर

उत्तर : नंबर शोधणं आधी बंद करा. मशीन बनवणारे लेन्स करून घेतात आणि त्यावर स्वतःच्या स्टोअरचा पार्ट नंबर टाकतात. तो त्यांच्या रजिस्टरबाहेर कुणाला सांगून काही उपयोग नाही. नाव कळलं तरी तुमचा फोटो सुधारणार नाही. विचारायचं ते एवढंच, की ही लेन्स मशीनवर असताना काय बघत होती, किती लांबून आणि कुठल्या उजेडात. माझी नोकरी छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर, म्हणजे छपाईसाठी मूळ पानाचा फोटो घेणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यावर, गेली. तिथली लेन्स चित्र एका ठरावीक पट्ट्यात लहान-मोठं करण्यासाठी गणित करून घडवलेली असायची. त्या पट्ट्यात तिच्यासारखी कुणी नाही. बाहेर काढली, की साध्या किट लेन्सनेही तिला हरवावं. कारखान्यातल्या सगळ्या लेन्सचं असंच असतं.

दुकानदाराच्या बोलण्यावर मी अर्धा विश्वास ठेवतो. मी बघितलेल्या टॉवेलच्या कारखान्यांत माल तपासायला टेबलाखाली ट्यूब लावून बायका बसलेल्या असतात, मशीन नसतं. पण धाग्यातला दोष, डाळमिलच्या सॉर्टेक्समधला (दाणे निवडणाऱ्या मशीनमधला) काळा दाणा, छापलेलं पाकीट, हे सगळं तपासणारे कॅमेरे आता आपल्याकडे आलेत, आणि मशीन मोडीत निघालं की लेन्स भंगारात येते. फोकसच्या आणि ॲपर्चरच्या (प्रकाशाचं भोक लहान-मोठं करण्याच्या) रिंगवर घट्ट करायचे बारीक स्क्रू आहेत का बघा. मशीनच्या हादऱ्याने रिंग फिरू नये म्हणून ते असतात. असले, तर लेन्स तपासणी कॅमेऱ्याची असण्याचा संभव मोठा.

आता काच. लेन्स खिडकीसमोर धरा. आरपार दिसतच नसेल आणि काच आरशासारखी करडी चमकत असेल, तर ती जर्मेनियमची, उष्णता बघणाऱ्या कॅमेऱ्याची. तुमच्या कामाची नाही. काच पिवळी-नारिंगी असेल, तर कार्बन डायऑक्साइड लेसरच्या कटिंग किंवा मार्किंग मशीनमधली झिंक सेलेनाइडची असू शकते. तिला घासू नका, फोडू नका, तिची पूड विषारी असते. दोन्ही नसेल, तर मोबाइलचा टॉर्च तिरपा टाकून आत बुरशीचे धागे आहेत का पाहा. (आणि एक : पुढच्या वेळी दुकानात लेन्स डोळ्याला लावून बघू नका. किलोचा भाव तिथल्या तिथे नगावर जातो.)

मग मोजमाप. अनोळखी लेन्सचं फोकल लेंग्थ (लेन्स किती मिलिमीटरची, ते) काढायची ही रीत मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण लेन्सच्या आत मधला बिंदू कुठे आहे हे शोधावं लागत नाही. एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स कॅमेऱ्यापासून लांब धरणारी पोकळ नळी) किंवा बेलोजवर (तसाच घडीचा भाता) लेन्स बसवा. रिंगने फोकस करायचं नाही, सगळा कॅमेराच पुढे-मागे सरकवायचा. समोर स्टीलची पट्टी. तुमचा सेन्सर साधारण २३.५ मिलिमीटर रुंद आहे. समजा पट्टीचे ४७ मिलिमीटर फ्रेमभर आले, तर चित्र अर्ध्या आकाराचं, म्हणजे ०.५ पट. आता लेन्स सेन्सरपासून ३५ मिलिमीटर आणखी लांब नेली आणि फ्रेमभर २३.५ मिलिमीटरच आले, म्हणजे बरोबर एकास एक. पट वाढला ०.५, लांबी वाढली ३५. पस्तिसाला ०.५ ने भागा : ७० मिलिमीटर. झालं. तुमचे आकडे वेगळे येतील, हिशेब हाच.

पाठोपाठ ॲपर्चर. लेन्स हाताच्या अंतरावर धरून समोरून बघा, आत उजळ गोल दिसतो. त्याचा व्यास पट्टीने मोजा. १७.५ आला, तर सत्तर भागिले साडेसतरा, म्हणजे एफ ४. ढोबळ आहे, पण पुरेसा. इथेच बहुतेकांची निराशा होते, म्हणून नीट सांगतो. मॅक्रोत लेन्स लांब नेली, की एफचा आकडा आपोआप चढतो : मूळ आकडा गुणिले एक अधिक पट. एफ ४ ची लेन्स एकास एकला एफ ८ सारखी वागते, तीन पटीला एफ १६ सारखी आणि पाच पटीला एफ २४ सारखी. एफ १६ च्या पुढे प्रकाशाचं विवर्तनच (बारीक भोकातून जाताना पसरणं) बारकावे खाऊन टाकतं. मग लेन्स जर्मनीची असो की जपानची, चित्र मऊच येणार. भंगारातल्या लेन्सला पाच पटीला जुंपून लोक तिलाच शिव्या घालतात, तो दोष लेन्सचा नसतो.

तिसरी गोष्ट दिशा. तपासणीच्या मशीनमध्ये लेन्स लांबचं मोठं कापड बघून सेन्सरवर लहान करते. तुम्हाला उलटं हवं आहे : लहान किडा मोठा करायचा. तेव्हा एकास एकच्या पुढे जायचं असेल, तर लेन्स उलटी लावा, मशीनच्या सेन्सरकडे असणारी बाजू फुलाकडे. एकास एकच्या अलीकडे सरळच. फोटो एनलार्जरच्या लेन्सलाही हाच नियम. पण मी सांगतो म्हणून मानू नका. दोन्ही बाजूंनी पट्टीचा एकेक फोटो घ्या आणि कोपरे ताडून बघा.

पट्टी ४५ अंशांत तिरपी ठेवली, की रंगाचा दोषही कळतो. फोकसच्या पुढच्या रेघांना जांभळट आणि मागच्यांना हिरवट कडा आली, तर ही लेन्स सगळ्या रंगांसाठी घडवलेली नाही. मशीनवर नुसता लाल एलईडी असेल, तर तिला बाकीच्या रंगांची गरजच नव्हती. अशी लेन्स फेकू नका. लाल एलईडीच्या उजेडात काळा-पांढरा फोटो काढा, ती धारदार दिसेल. लाइन-स्कॅन कॅमेऱ्याची लेन्स निघाली, तर तुम्ही नशीबवान. त्या कॅमेऱ्यात पिक्सेलची एकच लांब रांग असते, कधी ६० मिलिमीटरपर्यंत, आणि कापड खालून सरकत जातं. एवढ्या लांबीला पुरणाऱ्या चित्राचा तुमचा सेन्सर फक्त मधला भाग वापरतो. कोपऱ्यांची काळजी मिटली.

जोडणीसाठी लेथवाल्याकडे जाण्याआधी आटे मोजा. एनलार्जर लेन्सला बहुधा ३९ मिलिमीटर व्यास आणि इंचाला २६ आटे असतात. छोट्या तपासणी कॅमेऱ्याच्या सी-माउंटला एक इंच व्यास आणि इंचाला ३२ आटे. ४२ मिलिमीटरला एक मिलिमीटरची पिचही (दोन आट्यांतलं अंतर) पुष्कळ दिसते. पिच गेज लावून आकडा कागदावर लिहून न्या. आपल्याकडचा लेथवाला मागाचे पार्ट डोळे मिटून करतो, पण तुम्ही पिच सांगितली नाही, तर तो त्याच्या सवयीची कापणार. तेवढंही नको असेल, तर बॉडी कॅपला भोक पाडून पीव्हीसी पाइप आणि एपॉक्सी. ग्लू गनवर जाऊ नका, मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो जोड सुटतो. पाइपाच्या आत काळं मखमल चिकटवा, नाहीतर आतल्या चकाकीने चित्र पांढुरकं येतं. सोनीच्या मेनूत लेन्सशिवाय शटर चालू ठेवायचा पर्याय आहे, तो सुरू करा.

आता तुमचा खरा प्रश्न, फुलकिडा. तो साधारण एक मिलिमीटरचा. तीन पटीला साडेतेवीस मिलिमीटरच्या फ्रेममध्ये तो तीन मिलिमीटरचा दिसेल. फुलावर किती आहेत, कुठे बसलेत, पाकळीवर ओरखडे कसे पडलेत, हे सगळं उत्तम येईल. जात ओळखायला पुरणार नाही. त्यासाठी किडा स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे नमुना दाखवा. तीन पटीच्याही पुढे जायचंच असेल, तर शाळेच्या मायक्रोस्कोपचं १० पटीचं ऑब्जेक्टिव्ह (वस्तूकडची भिंगाची नळी) घ्या, अंगावर १६० लिहिलेलं. ते १६० मिलिमीटरच्या नळीसाठी असतं, ट्यूबवर बसवलं की थेट चालतं. फक्त फोकसची खोली मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी उरते. बागेत वाऱ्यावर ते जमणार नाही. फूल तोडून घरात आणा, फ्लॅश लावा, थोडं थोडं सरकवत फोटो काढा आणि ते जोडून एकच स्पष्ट चित्र करा, त्यालाच स्टॅक म्हणतात.

प्रश्न : आमचा ऑफसेटचा जुना प्रेस आहे. वडिलांच्या काळातल्या प्रोसेस कॅमेऱ्याची लेन्स पडून आहे. तिच्या अंगाला एक चीर आहे, ती तुटलेली आहे का? तिच्यावर मॅक्रो होईल का? ३६० मिलिमीटर लिहिलं आहे.
— एक मुद्रक, मंगळवार पेठ

उत्तर : तुटलेली नाही. त्या चिरेतून भोक पाडलेला पत्रा आत सरकवायचा, हाफटोनसाठी, म्हणजे फोटो छापायला ठिपक्यांत फोडण्यासाठी. जपून ठेवा, त्या पट्ट्या सापडल्या तर त्याही. मॅक्रो मात्र विसरा. एकास एकला वस्तूपासून फिल्मपर्यंतचं अंतर फोकल लेंग्थच्या चौपट लागतं, म्हणजे जवळजवळ दीड मीटर. म्हणूनच आमचा कॅमेरा दोन खोल्यांत होता, लेन्स एका खोलीत आणि फिल्म अंधाऱ्या खोलीत. आणि तो एफ ९ चा काचेचा गोळा आम्ही एफ २२ वर चालवायचो. सपाट कागद, जुने नकाशे, चित्रं यांची नक्कल करायला आजही तिला तोड नाही. लार्ज फॉरमॅट (मोठ्या फिल्मचा कॅमेरा) करणारा कुणी भेटला, तर त्याला द्या, तो खूश होईल.

प्रश्न : सर, जुन्या लेन्सच्या काचेत किरणोत्सारी पदार्थ असतो असं ऐकलं. माझ्याकडच्या एका लेन्सची काच पिवळसर आहे. भीती वाटते.
— कॉलेजची विद्यार्थिनी, विजापूर रोड

उत्तर : काही जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम ऑक्साइड घालत, आणि अशी काच वर्षांनी पिवळी पडते. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढायला हरकत नाही. उशाशी ठेवू नकोस, डोळ्याला लावायची भिंग म्हणून वापरू नकोस आणि काच कधी घासू नकोस. पिवळेपणा जायला खिडकीतल्या उन्हात काही आठवडे ठेवतात. ठेवशील तर लेन्सचा रोख सूर्याकडे नको आणि मागे कागद, पडदा काही नको. आपल्याकडचं ऊन आणि एक भिंग, आग लागायला तेवढं पुरतं.