शंका-समाधान : देवनागरी आकड्याची कार्बाइन

प्रश्न : आमच्या वाड्यात पणजोबांच्या वेळची एक कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची रायफल, आहे. चापामागची दांडी खाली ओढली की नळीचे मागचे तोंड उघडते. वर देवनागरी अक्षरे व १९४८ हा आकडा कोरलेला आहे. घरात ती पेशव्यांच्या फौजेतली मानतात. तिचे मूळ कसे शोधावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पेशवाई १८१८ साली बुडाली आणि ब्रिटिश सैन्याने अशा दांडीची मार्टिनी-हेन्री रायफल १८७१ मध्ये स्वीकारली, त्यामुळे पेशव्यांचा विचार सोडून द्यावा. आकडा शालिवाहन शकाचा धरला तर इसवी सन २०२६ येते, जे पणजोबांच्या बंदुकीवर असणे शक्य नाही. इसवी सन धरावे तर एकेक गोळी भरण्याच्या अशा बंदुका तोवर जुन्या झाल्या होत्या. विक्रम संवत मानून ५७ वजा केले की १८९१ मिळते आणि ते पटण्याजोगे आहे. मात्र विक्रम संवत नेपाळात चालत असे तसा ग्वाल्हेर दरबारातही, म्हणून एवढ्यावरून राज्य ठरत नाही.

खरा पुरावा बंदुकीच्या आत आहे. मार्टिनी-हेन्रीत नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्यात गुंडाळीची स्प्रिंग असते; नेपाळचे जनरल गहेंद्र शमशेर यांच्या नावाने ओळखली जाणारी रायफल बाहेरून तशीच दिसते, पण तिच्यात पट्टीची स्प्रिंग असते. देवनागरी अक्षरांच्या जोडीला अशी पट्टी आढळली, तर माझा कौल नेपाळला. खैबर खिंडीच्या परिसरातील कारागीरही मार्टिनीच्या नकला करीत, परंतु त्यांवर सहसा राणीचा मुकुट आणि इंग्रजी अक्षरे, कधी उलटी उमटलेली, दिसतात.

ती मुळात कार्बाइन आहे की कापलेली रायफल, हेही पाहा. ब्रिटिश रायफलची नळी सुमारे ३३ इंच, घोडदळाच्या कार्बाइनची सुमारे २१ इंच असे. नळीच्या टोकावरील कापल्याच्या खुणा आणि नेम धरण्याची पुढची माशी नंतर बसवल्यासारखी दिसते का, हे तपासा. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातील साठा २००३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, त्यामुळे ताडून पाहण्यासाठी छायाचित्रे सहज मिळतात.

बंदूक स्वतः खोलू नका; नळीत जुने काडतूस अडकलेले असू शकते, म्हणून हे काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडूनच करून घ्यावे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधील परवान्यातून सूट दुरुस्तीनंतरही चालू न शकणाऱ्या जुन्या शस्त्रालाच लागू होते, तेव्हा परवान्याची चौकशी आधी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी.