संस्था वर्षानुवर्षं टिकायला सगळ्यांचं ध्येय एक असावं लागतं, की कडक नियम पुरतात?

नियमच पुरतात असं म्हणणारे लोक मला कायम हेडलाच, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, जिथं पाणी आधी पोचतं तिथं बसलेले भेटलेत. आमच्या घरातला हा जुना वाद आहे म्हणून लिहितोय.

आमचं रान कालव्यातून फुटणाऱ्या चारीवर, अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. पाणी वाटून घ्यायला शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था झाली तेव्हा नियम, दंड, पावतीपुस्तक सगळं होतं. तरी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की रात्री वरचे लोक चारीत दगड आणि गोणपाट टाकून पाणी उसाकडं वळवायचे आणि खाली आमचा हरभरा ऐन घाट्यात माना टाकायचा. दंड करणार कोण, पदाधिकारी तर वरचेच! मग टेलवाल्यांनी पाणीपट्टी बंद केली, चारी साफ करायला कोणी फिरकेना, थकबाकी साठली आणि पुढचं आवर्तनच अडकलं. तेव्हा कुठं वरचा ऊसपण वाळायला लागला.

मारुतीच्या देवळात सभा झाली. आण्णा, म्हणजे माझे वडील, उठून म्हणाले की आधी टेल भिजवू आणि मग खालून वर येऊ. थोरला चुलतभाऊ, त्याचं रान हेडला, तो म्हणाला, "काका, पाणी वरून खाली येतं." आण्णांनी थकबाकीची वही त्याच्यापुढं सरकवली आणि म्हणाले, हे मान्य असेल तर टेलची सगळी बाकी उद्याच भरतो.

झालं. टेल आधी म्हटल्यावर वरच्यांनाच घाई, खालचं लवकर भिजलं तर आपली पाळी येणार. त्यामुळं गवत काढायला, गळती बुजवायला तेच पुढं. आणि पाणी मोजून मिळतं, हंगामाचा कोटा सगळ्या संस्थेचा मिळून, म्हणजे एकाने नासलं तर सगळ्यांचंच गेलं.

ही कल्पना काही आमची नव्हे. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या सुमारास वाघाड धरणाच्या टेलच्या शेतकऱ्यांनाच आधी एकत्र केलं, पुढं अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांनी हातात घेतलं. महाराष्ट्राच्या पाणी वापर संस्थांच्या 2005 च्या कायद्यात तर संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल अशा तिघांनाही जागा आहेत. नियम तेच छापील असूनही सरकारी टार्गेटसाठी घाईत नोंदवलेल्या कितीतरी संस्था मात्र कागदावरच राहिल्या.

तुमची संस्था ऑफिसातली असेल तर तिथलं मला फार कळत नाही. पण तुमच्याकडं टेलला कोण आहे ते बघा, ध्येय एक आहे की नाही ते त्यालाच विचारा, साहेबाला नको. आणि हो, नुसत्या एकीनं भागत नाही, मोजायचं यंत्र बंद पडलं की संशय सुरू होतो आणि धरणच भरलं नाही तर एकी काय करणार.

दादा, म्हणजे तोच थोरला चुलतभाऊ, अजून म्हणतो संस्था दंडाच्या धाकानं चालली. दंडाचं पावतीपुस्तक कपाटात आहे, त्या सभेनंतर त्यातली पावती क्वचितच फाडलीय, त्यानं एकदा ते उघडून बघावं.